दहा एकवीसचा डाव

मंगला गेली ते मला तीन वाजून दहा मिनिटांनी कळलं. ती त्याच्या आधीच गेली होती. किती आधी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी तारापूरला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. आमच्या प्लांटमध्ये चटकन पेट घेणारं सॉल्व्हंट असतं, म्हणून मोबाईल आत नेऊ देत नाहीत. गेटवर लोखंडी लॉकर आहेत. त्यात फोन ठेवायचा, चावी खिशात टाकायची आणि आत जायचं. त्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती, सात ते तीन. सुटल्यावर लॉकर उघडला तर चौदा मिस्ड कॉल. वरचे बारा शेजारच्या कमलाकांतचे आणि रत्नाबाईंचे. सगळ्यात खालचे दोन मंगलाचे, अकरा दहा आणि अकरा बाराचे.

मान वर केली तर गेटबाहेर कमलाकांतच स्कूटर घेऊन उभा. म्हणाला, "दिनानाथ, तुझी गाडी राहू दे इथेच. माझ्या मागे बस."

मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलला?"

"घरी," तो म्हणाला.

बोईसरला आमची दोन खोल्यांची जागा आहे, दुसऱ्या मजल्यावर. वर पोचलो तेव्हा बायका मंगलाभोवती बसल्या होत्या. रत्नाबाई दाराशी होत्या, टोपली तशीच जिन्यात. त्या सातपाटीहून मासे घेऊन येतात. बाजार आटपला की दोनच्या सुमाराला शेवटी आमच्याकडे येऊन चहा प्यायच्या.

"मी रोजच्यासारी आले भाऊ," त्या म्हणाल्या. "दार नुसतं लोटलेलं. म्हटलं, वयनी, बोंबील हाय थोडं, घेता का. बोलतच नाय. खुर्चीत बसलेली, हात त्या माऊसवर. मी हात उचलला तर गार."

कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर तिच्या खेळाचं वारूळ दिसत होतं, आत मुंग्या फिरत होत्या. खोलीत मंगला जमिनीवर, आणि हे टेबलावर असं चाललेलं. मी म्हणालो, "ते बंद करा." कुणीतरी प्लग काढला.

खालच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी हार्टचं सांगितलं. वेळ विचारली तर म्हणाले, "दोन-तीन तास झाले असतील, किंवा कमी. नक्की नाही सांगता येणार."

मेघाली आमची एकुलती एक मुलगी, बंगळुरूला नोकरी करते. विमानतळाकडे निघताना तिचा फोन आला. "पप्पा, आईला त्रास झाला का?"

"नाही. लगेच गेली. अकरा-सव्वाअकराला."

"मी दीडला फोन करणार होते, लंचमध्ये. हातात फोन घेतला होता. मग म्हटलं संध्याकाळी निवांत करू."

"दीडला ती नव्हतीच."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो. ते खोटं आहे की खरं, हे माझं मलाच माहीत नव्हतं. पण ती थोडी शांत झाली, हे फोनवरही कळलं.

खेळाबद्दल सांगायला हवं. मेघाली बंगळुरूला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला. लॉकडाऊनमध्ये मंगला त्यावर पत्ते खेळायला शिकली. मग मेघालीने तिला मुंग्यांचा खेळ घालून दिला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही वारूळ म्हणायचो. एक राणी मुंगी असते. तिच्याभोवती खोल्या खणायच्या, कामकरी मुंग्या पाठवून दाणे, पानं, मेलेले किडे आणायचे, सैनिक वाढवायचे. शेजारी लाल मुंग्यांचं वारूळ असतं, मधे कोळी असतात, पाऊस येतो. पाऊस आला की सगळ्यांना आत बोलावून तोंड बंद करण्याचा हुकूम असतो, नाहीतर पाणी राणीपर्यंत जातं. खेळ थांबत नाही. तुम्ही हुकूम द्या, नका देऊ, मुंग्या शेवटचा हुकूम पाळत राहतात.

मंगला इकडच्याच माहीमची, वाडीवाल्यांच्या घरातली. वडिलांच्या पानवेली होत्या, लहानपणापासून तिने मजुरांवर आणि पाण्यावर लक्ष ठेवलेलं. वारूळही तिने वाडीसारखंच चालवलं. आधी पोटाचं, मग भांडणाचं. मी कामावरून आलो आणि चहा मागितला की म्हणायची, "थांबा जरा, कोळी आलाय."

सैनिकांच्या तुकडीला नाव देता येतं. तिने एका तुकडीचं नाव आमच्या शिफ्ट इन्चार्जवरून शैलेश ठेवलं होतं. त्याने मला दोन वर्षं लागोपाठ गणपतीत नाईट लावली, त्याचा राग. ती तुकडी नेहमी सगळ्यात पुढे असायची.

"आज शैलेश गेले," ती ताट वाढताना सांगायची.

"किती?"

"अठरा."

"अरेरे."

"उद्या अजून काढते ना. शैलेशला काय तोटा."

बाराव्याला आम्ही माहीमला माझ्या मोठ्या भावाकडे होतो. आमच्यात आदल्या रात्री पाटावर पीठ चाळून पसरतात, दिवा ठेवतात आणि टोपली झाकतात. सकाळी पिठात कसली खूण उमटली ते बघतात, म्हणजे गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. मी यात कधी फार लक्ष घातलं नव्हतं. सकाळी वर्षाराणी वहिनींनी टोपली उचलली. पिठातून एक बारीक रेघ गेली होती, पाटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधे दिव्याला वळसा घालून.

"मुंगी," वहिनी म्हणाल्या.

मेघाली हसली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "दुसरं काय होणार होती ती." मग बाहेर पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. "पप्पा, त्या खेळात प्रत्येक डावाची नोंद राहते. रिप्ले म्हणतात. आईने कुठे बघितलं, काय हुकूम दिला, सगळं परत दिसतं. तिचा शेवटचा डावही असेल. मला बघायचाय."

"त्यात वेळ कळते?" मी विचारलं.

"कळते की. कोपऱ्यात घड्याळ असतं. आणि डाव कधी सुरू केला ते नोंदीच्या नावातच असतं."

ती सहज बोलली. मला त्यानंतर दुसरं काही सुचेना. मंगलाने दोन फोन केले अकरा दहा-बाराला. रत्नाबाईंनी तिचा हात उचलला दोनला. मधे पावणेतीन तास. त्यात ती कधी गेली, हे त्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं होतं.

पण बघण्याचा धीर मला पाच महिने झाला नाही. कॉम्प्युटरवर तिचीच एक ओढणी टाकून ठेवली होती. खोलीत गेलं की वाटायचं, ओढणीखाली मुंग्या फिरतायत. प्लग काढलेला आहे हे मी दोनदा वाकून बघितलं होतं.

ऑक्टोबरात शेवटी ओढणी काढली आणि बटण दाबलं. निळा पडदा आला, बंद झाला. परत निळा. मी तो रिक्षात घालून स्टेशनजवळ भाग्येशकडे नेला. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे.

"काका, हार्ड डिस्क मरायला टेकली हाय," तो म्हणाला. "आणि विंडोज दहाचा सपोर्ट पण संपला. अकरा ही मशीन घेणार नाय."

"आतलं राहील?"

"काढतो ना."

चार दिवसांनी मशीन परत आलं. त्याने नवी डिस्क टाकून तिच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं होतं. "फुकट हाय, हलकं हाय, बघा कसं पळतंय." जुनं सगळं त्याने डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवलं होतं, खेळासकट. फोल्डरला मराठीत नाव दिलं होतं, "मंगलाकाकींचं". ते तो मला मुद्दाम दाखवत होता. त्याचं मन चांगलं.

"यातला खेळ चालेल का?"

"तो विंडोजचा. इकडं तसाच नाय चालणार. वाईन लागंल."

"मी घेत नाही."

"प्रोग्रामचं नाव हाय हो काका," तो म्हणाला. "मेघालीताईंना विचारा, त्यांना सगळं म्हाईत असंल."

मेघालीला खरंच माहीत होतं. रोज संध्याकाळी सात वाजता ती फोन करायची आणि मी काळ्या खिडकीत एका बोटाने तिने सांगितलेल्या ओळी टाईप करायचो. लिनक्सला मोठी लिपी आणि छोटी लिपी वेगळी लागते, त्यात माझे दोन दिवस गेले.

"पप्पा, एस मोठा."

"मोठाच घातलाय."

"मग त्याच्या आधी जागा सोडलीत का?"

"कशाला सोडू?"

"सोडायची असते."

"हे तुझ्या आईसारखंच बोलतेस."

आधी तिने खेळाची नवी आवृत्ती उतरवून दिली. ती चालली. पण मंगलाच्या नोंदी उघडल्या की इंग्रजीत एक ओळ यायची, ही नोंद जुन्या आवृत्तीची आहे, दाखवता येत नाही. मेघाली म्हणाली, "मग आईचाच जुना खेळ चालवायला हवा, फोल्डरमधला." तो वाईनमधून सुरू केला की एक काळी चौकट उघडायची आणि लगेच मिटायची. तिने कसकसल्या फायली घालायला लावल्या. काळी चौकट उघडायची आणि मिटायची. असं तीन आठवडे. मी म्हणालो, राहू दे.

"नाही राहू द्यायचं," ती म्हणाली. "मेमध्ये वर्षश्राद्धाला मी येणारच आहे. तोपर्यंत चालू करू. मग आपण दोघं बसून बघू. ती अर्धा-पाऊण तास खेळली असेल ना त्या दिवशी? पूर्ण बघू."

मी हो म्हणालो. मला ते तिच्याआधी बघायचं होतं.

प्लांटमध्ये पंप बंद पडला की आमची एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी तसं करायला बसलो. काळ्या खिडकीत जे उमटतं ते मला कळत नव्हतं, तरी एकेक ओळ वाचत गेलो. एका ओळीत फोल्डरचा पत्ता होता, आणि जिथे "मंगलाकाकींचं" असायला हवं तिथे नुसती प्रश्नचिन्हं होती. ते मी ओळखलं. आमच्या कंट्रोल पॅनेलवरही टाकीला मराठी नाव दिलं की चौकोन उमटतात आणि अलार्म लागत नाही. म्हणून आम्ही सगळ्या टाक्यांची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवतो.

मी फोल्डरचं नाव पुसलं आणि इंग्रजीत mangala लिहिलं. परत सुरू केलं. काळी चौकट उघडली, आणि मिटली नाही. वारुळाचं संगीत सुरू झालं. नव्या आवृत्तीत ते वेगळं होतं; हे आठ महिन्यांत या खोलीत वाजलं नव्हतं. मी उठून दार लोटून आलो.

नोंदींच्या यादीत सगळ्यात वरती त्या दिवसाची तारीख होती. सुरुवात दहा एकवीस. माझ्याकडे प्लांटचे कोरे लॉगशीट होते, त्यातला एक काढला. वेळ आणि शेरा असे रकाने त्यात असतात. दर अर्ध्या तासाला लिहायची मला सवय आहे. मग त्या तारखेवर दाबलं.

नकाशा आपोआप सरकायला लागला. मी माऊसला हात लावला नव्हता. ती बघत होती तिथे तिथे तो जात होता. आधी दाण्यांचं कोठार, मग राणीची खोली, मग वर. ती कशी भराभर बघायची ते मी विसरलो होतो. शैलेशची तुकडी लाल मुंग्यांच्या वाटेवर नेऊन उभी केली. मला हसू आलं आणि मग भीती वाटली. खुर्चीत मी होतो आणि हात तिचा चालत होता.

अकरा नऊ. नकाशा थांबला. मुंग्या चालू, पण नजर एका जागी. अकरा दहा आणि अकरा बारा हे फोनचे. मी लिहिलं, थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं एवढंच. जे मेघालीला सांगितलं ते खरं निघालं. मी बंद करायला हात पुढे केला.

अकरा चौतीसला नकाशा हलला.

हळू हलला. तिने बाहेरच्या कामकरी मुंग्यांना मागे बोलावलं. मग पानांकडे दुसऱ्या पाठवल्या. तिला बरं वाटलं असणार. पाणी पिऊन येऊन बसली असणार. अकरा चौतीसला मी कँटीनमध्ये होतो. कोबीची भाजी होती. कँटीन गेटच्या शेजारी आहे, लॉकरपासून वीस पावलांवर. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडायला परवानगी असते. मी कधी उघडत नसे.

बारा पाचला लाल मुंग्या आल्या. तिने त्यांना परतवलं, पण नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. मधे मधे हुकूमच नसायचा. बारा चाळीसला तिने सगळ्यांना आत बोलावलं आणि वारुळाचं तोंड बंद केलं. हा पावसाचा हुकूम. मी नीट बघितलं. खेळात पाऊस नव्हता, आभाळ कोरडं होतं.

त्यानंतर तिने एकही हुकूम दिला नाही. नुसती बघत होती. नकाशा खोलीखोलीतून जात होता, अंड्यांची खोली, कोठार, परत अंड्यांची खोली. एक वाजला. सव्वा वाजला. एक तीसला ती राणीजवळ होती. एक अडतीसला नकाशा डाव्या कोपऱ्याकडे सरकायला लागला. माऊस पडद्याच्या कडेला गेला की नकाशा त्या बाजूला सरकतो. तो सरकत सरकत शेवटाला गेला आणि तिथेच राहिला. तिथे नुसती माती होती.

मी बंद केलं नाही. दोन सहाला नकाशाला एक हिसका बसला. तो रत्नाबाईंचा. त्याने नकाशा परत वारुळावर आला आणि तिथेच राहिला. तीन बत्तीसला सगळं काळं झालं, ते मी सांगितलं म्हणून.

अकरा नऊ ते एक अडतीस. अडीच तास ती होती. गेटचा नंबर भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात. तो लावला की वॉचमन आत निरोप देतो आणि माणूस पंधरा मिनिटांत घरी पोचतो. तिने दोन वर्षांपूर्वी एकदा लावला होता. दाराचं लॅच बिघडून ती आत अडकली होती. निरोप शैलेशकडून आला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "जा रे दिनानाथ, वहिनींना मुंगी चावली वाटतं." सगळे हसले. घरी येऊन मी मंगलाला म्हणालो, "घर पेटलं तरच त्या नंबरावर फोन करायचा." तेव्हापासून तिने तो नंबर लावला नाही.

घर पेटलं नव्हतं.

मी लॉगशीट घडी करून कपाटात ठेवला. संध्याकाळी सातला मेघालीचा फोन यायचा होता. मी फोल्डरला परत मराठी नाव दिलं, "मंगलाकाकींचं", जसं भाग्येशने दिलं होतं तसं. काळी चौकट उघडली आणि मिटली.

"काही हललं का, पप्पा?"

"नाही गं. तसंच."

"मी अजून एक युक्ती शोधलीये. ओळ पाठवते, टाका."

तिने ओळ पाठवली. मी ती एका बोटाने टाईप केली, मोठी लिपी, छोटी लिपी सांभाळून. तिला सांगितलं, नाही चालला.

त्याला आता दीड महिना झाला. ती रोज नवीन काही पाठवते. ऑफिसमधल्या एका मुलालाही विचारून आली. परवा म्हणाली, "त्या काळ्या खिडकीचा फोटो पाठवा बघू, पूर्ण." मी फोटो काढला आणि पत्त्याची ओळ कापून पाठवला. ती म्हणाली, "वरचं कट झालंय पप्पा." मी म्हणालो, उद्या पाठवतो. रत्नाबाई अजून दोनला येतात, दाराशीच चहा घेतात, आत बघत नाहीत. "पोरगी येतेय ना मेमध्ये?" असं विचारतात. येतेय म्हणून सांगतो.

मी घरात नसतो तेव्हा दुपारी दीडच्या सुमाराला तो कॉम्प्युटर आपोआप चालू होतो असं मला वाटत राहतं. प्लांटमध्ये दीडचं रीडिंग लिहिताना हात थांबतो. आता मी जेवणाच्या सुट्टीत रोज लॉकर उघडून बघतो. मेघालीचा फोन असतो कधी कधी, दुपारच्या वेळचा. पूर्वी ती फक्त संध्याकाळी करायची.

वर्षश्राद्धाला अडीच महिने आहेत. दीड वाजता तिची आई जिवंत होती, हे मी मेघालीला अजून सांगितलेलं नाही.